गुहागर ते तवसाळ: भरती-ओहोटी बघून सुट्टी कशी काढायची

दाभोळची खाडी आणि जयगडची खाडी यांच्या मधला जो गुहागरचा पट्टा आहे ना, म्हणजे वर वाशिष्ठी, खाली शास्त्री आणि पश्चिमेला समुद्र, तिन्ही बाजूंनी पाणीच पाणी, तो अजून बऱ्यापैकी निवांत राहिलाय. कारण साधं आहे, हायवेवर नाही. चिपळूणला वळून पंचेचाळीसेक किलोमीटर आत यावं लागतं, म्हणून गर्दी एकतर दापोलीकडे जाते नाहीतर गणपतीपुळ्याला. मधल्या मधे आम्ही सुटलो. माझं आजोळ इकडचंच, त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी मित्र विचारतो की अरे तीन-चार दिवस येतोय, काय काय बघू. आणि मी दरवेळी एकच उलटा प्रश्न विचारतो, कुठल्या तिथीला येतोयस?

लोकांना वाटतं मी पंचांग बघून मुहूर्त सांगणार आहे. तसं नाही. इकडे कासव, डॉल्फिन, कातळावरचे खेकडे, मगर, बामणघळ (हेदवीच्या कातळातली भेग, जिच्यातून भरतीचं पाणी उंच उसळतं), अगदी समुद्रात पाय बुडवणंसुद्धा भरती-ओहोटीवर चालतं. तुम्ही आधी रूम बुक करता, मग रजा टाकता, मग इथे येऊन दुपारी दोनला बामणघळीवर उभे राहता आणि म्हणता की काहीच उडत नाहीये पाणी. कसं उडेल, ओहोटी आहे!

तर हिशोब असा. तिथीला पाऊण तासाने गुणायचं, की भरती साधारण किती वाजता ते कळतं. पक्ष कुठलाही असो, शुद्ध की वद्य, फरक नाही. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. त्याच्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊ आणि रात्री तसंच. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावस्येला भरती सव्वाअकराच्या आसपास. हे ढोबळ आहे हां, अर्धा तास मागेपुढे होतं, पण मोबाइलला रेंज नसताना भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दिवस आखायला पुरतं. रेंज असेल तर टाइड टेबल बघाच, त्यात पाण्याची उंची पण असते. रोजच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एकीला पाणी जास्त उतरतं, ते नुसत्या तिथीवरून नाही कळत.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी नुसतं रेंगाळतं. तुम्हाला बघायचंय ते जवळपास सगळं उधाणाच्या दिवसांत जास्त चांगलं दिसतं. म्हणून पौर्णिमा किंवा अमावस्येला पोचायचं आणि चतुर्थी-पंचमीपर्यंत राहायचं, हा माझा ठरलेला सल्ला. बीज-तीजेला तर मजाच आहे, सकाळी साडेसात-आठला ओहोटी, दुपारी दीड-दोनला भरती, म्हणजे सकाळी कातळ आणि दुपारी बामणघळ, एकाच दिवसात दोन्ही.

आता महिना कुठला. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. नोव्हेंबर-डिसेंबरात हवा छान असते पण कासवाची पिल्लं नसतात, एप्रिल-मे मध्ये पिल्लं असतात पण उकाडा आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात, आणि हिवाळी पक्षी तोवर निघून गेलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्याचं थोडं थोडं जमतं. पावसाळा वेगळाच विषय आहे, सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, हिरवेगार होतात, ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांच्यावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा असली बारीक फुलं येतात, जूनपासून तिबोटी खंड्या हा छोटा रंगीत पक्षी येतो, पण समुद्र बंद. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, पाण्यातले खेळ पण पावसाळाभर बंद. तेव्हा आलात तर समुद्र लांबूनच बघायचा, हे मनाशी धरूनच या.

यायचं कसं? ट्रेनने चिपळूण आणि पुढे एसटी, किंवा स्वतःची गाडी. पुण्या-मुंबईहून दापोलीमार्गे येणार असाल तर दाभोळ ते धोपावे फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे उतरवते, नाहीतर खाडीला चिपळूणपर्यंत वळसा पडतो. खालच्या टोकाला तवसाळ ते जयगड अशी दुसरी फेरी. फेरीच्या वेळा निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या, सणावाराला आणि पावसात बदलतात. इकडे आल्यावर दुचाकी सगळ्यात बरी. एसटी आहे पण तिच्या वेळा गावच्या लोकांच्या सोयीच्या आहेत, सूर्योदय बघणाऱ्यांच्या नाहीत. पेट्रोल गुहागर किंवा शृंगारतळीला भरून घ्या, रोख पैसे पण तिथेच काढा, हेदवीच्या पुढे गेल्यावर यूपीआय फिरत बसतं.

कातळावरचं जग

हा माझा सगळ्यात आवडता भाग म्हणून जरा सविस्तर सांगतो. वेळणेश्वर, हेदवी, रोहिले, अंजनवेल, सगळीकडे पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, टोकाला काळा कातळ समुद्रात घुसलेला दिसेल. ओहोटीला तो उघडा पडतो आणि त्याच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. बहुतेक पर्यटक तिकडे फक्त फोटोला जातात आणि खाली बघतच नाहीत. तुम्ही खाली बघा.

ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचायचं, पाणी उतरत जातं तसं त्याच्या मागोमाग पुढे सरकायचं, आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. म्हणजे हातात दोनेक तास मिळतात. एका खळग्याजवळ बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, आणि पाच मिनिटं गप्प राहायचं. सुरुवातीला काही नाही दिसत. मग एक शंख चालायला लागतो, तो शंख नसतो, आत खेकडा राहायला आलेला असतो. मग बोटाएवढे मासे दिसतात, दगडाच्याच रंगाचे, एका खळग्यातून दुसऱ्यात उड्या मारतात. समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, उघडलेली असतात, त्यांना बोट लावायचा मोह होतो, नका लावू, ती मिटतात आणि परत उघडायला त्यांची शक्ती खर्च होते. कपारीत बघितलंत तर ठिसूळ तारामासा असतो, नुसते सापासारखे हात बाहेर काढून बसलेला. नशीब असेल तर समुद्री गोगलगाय, बिनशंखाची, भडक रंगाची, आणि फारच नशीब असेल तर छोटा ऑक्टोपस, जो तुम्ही त्याला बघायच्या आधीच तुम्हाला बघून झालेला असतो.

दगड उलटून बघितलात तर तसाच परत ठेवा, म्हणजे त्याच जागी आणि तीच बाजू खाली. वरच्या बाजूचे जीव उन्हाला सरावलेले असतात, खालच्या बाजूचे उन्हात मरतात. हे एवढं जरी पाळलंत तरी पुष्कळ. आणि प्लास्टिकच्या बाटलीत मासे भरून रूमवर नेणाऱ्या पोरांना आईबापांनी आवरा, ते संध्याकाळपर्यंत मेलेले असतात.

पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट हवेत. स्लिपर नको आणि अनवाणी तर अजिबात नको, कातळावर कालवं (एक प्रकारचे शिंपले) चिकटलेली असतात, ब्लेडसारखी धार असते त्यांना, आणि खाऱ्या पाण्यातली जखम लवकर भरत नाही. हिरवं शेवाळ दिसलं की पाय टाकायचा नाही. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही. आणि एक सोपा नियम, जिथला कातळ ओला आहे तिथे उभं राहायचं नाही, तो ओला आहे म्हणजे मघाशी लाट तिथवर आली होती आणि परत येणार आहे. ओहोटीत खळगे बघताना अर्थातच सगळंच ओलं असतं, तेव्हा एकाने बघायचं आणि एकाने समुद्रावर लक्ष ठेवायचं.

बामणघळ हेदवीला, किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळापाशी. कातळात अरुंद खोल भेग आहे, भरतीची लाट आत घुसते, पुढे जागा नसते म्हणून पाणी उभं वर उसळतं, माणसांच्या डोक्यावरून कितीतरी उंच. उधाणाच्या भरतीला, भरतीच्या आधीच्या तासाभरात जा. भांगाच्या दिवशी गेलात तर उगाच नाराज व्हाल. कडेला जाऊन सेल्फी काढणाऱ्यांबद्दल काय बोलायचं, कोकणात कातळावरून माणसं ओढली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि तरी प्रत्येकाला वाटतं आपण तेवढे मूर्ख नाही. बऱ्याच लाटा छोट्या येतात आणि मग एक येते. लांबून बघा, उंचावरून बघा, तिथूनच जास्त छान दिसतं. परत येताना टेकडीवरच्या दशभुजा गणपतीला जाऊन या, तिथली झाडी पक्ष्यांसाठी चांगली आहे.

कासवं

गुहागरची पुळण पाच-सहा किलोमीटर सलग आहे, मागे सुरूचं बन, आणि सध्या राज्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला यायच्या जागांमध्ये तिचं नाव फार वर आहे. कासवांसाठी वेळास गावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी हे काम सुरू केलं, पण गुहागरला गर्दी कमी आणि घरटी भरपूर.

माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च रात्री वर येतात, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि निघून जातात, मागे वळून बघत नाहीत. पहाटे कासवमित्र पूर्ण पुळण पायी फिरतात, वाळूवरच्या पावलांच्या खुणा बघून घरटं शोधतात आणि अंडी अलगद काढून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या जागेत, तशाच खड्ड्यात ठेवतात. नाहीतर कुत्री, कोल्ही आणि पूर्वी माणसं, कोणी शिल्लक ठेवत नसे. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. म्हणून जानेवारीत घातलेल्या अंड्यांची पिल्लं मार्चमध्ये. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर, म्हणजे घरट्याला सावली किती हा पण एक प्रश्न असतो.

बघायला काय करायचं तर रूमवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्याची कासवमित्राशी ओळख असतेच. पिल्लं आली असतील तर सकाळी साडेसहा-सातला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. दिवस पक्का सांगता येत नाही, घरट्यात काय चाललंय ते वरून दिसत नाही, म्हणून किमान तीन सकाळी हातात ठेवा. एका सकाळसाठी रात्रभर गाडी चालवून येणारे बहुतेक रिकाम्या हाताने जातात आणि मग हॅचरीवाल्यांवर चिडतात.

तिथे दोरी लावलेली असते, तिच्या मागे उभं राहायचं. पिल्लाला हातात घ्यायचं नाही, उचलून पाण्यात सोडायचं तर नाहीच, त्या वाळूवरून त्याने स्वतः चालत जाणं गरजेचं आहे. फ्लॅश नाही, टॉर्च नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, निसर्गात रात्री समुद्राचं क्षितिज जास्त उजळ असतं म्हणून ती तिकडे जातात, तुमच्या रिसॉर्टचा हॅलोजन दिसला तर उलटी फिरतात. रात्री पुळणीवर फिरायचंच असेल तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागद बांधा, आणि मादी वर येताना दिसली तर जागच्या जागी बसून राहा, ती घाबरली तर अंडी न घालताच परत जाते.

ही कासवं किती लांबून येतात ते ऐकलंत तर थक्क व्हाल. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला दोन माद्यांना सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले, बागेश्री आणि गुहा अशी नावं ठेवली, त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि उलटंही झालंय, २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेलं कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलं. या दोन्हींच्या आधी साधारण समज असा होता की पूर्वेची कासवं पूर्वेला आणि पश्चिमेची पश्चिमेला.

यावरून एक, पुळणीवर गाडी घालू नका. हात जोडून सांगतो. घरटी दबतात, खेकड्यांची बिळं दबतात, आणि दर मोसमात एखादी महागडी एसयूव्ही भरतीत रुतलेली असते आणि गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन बाहेर काढत असतात. तेव्हा ट्रॅक्टरवाला जो आकडा सांगेल तो मुकाट्याने द्यायचा.

पावसाळ्यात किंवा एरवी जाळ्यात अडकलेलं, जखमी कासव किनाऱ्यावर दिसलं तर त्याला ढकलून पाण्यात सोडू नका, दमलेलं असतं, बुडतं. सावली करा, कुत्री लांब ठेवा आणि वन खात्याच्या १९२६ वर फोन करा.

डॉल्फिन, मगरी आणि बाकीचे

इथले डॉल्फिन टीव्हीवरच्यासारखे हवेत कोलांट्या मारत नाहीत, हे आधीच सांगतो म्हणजे पोरांचा हिरमोड व्हायला नको. आपल्याकडचे मुख्यतः कुबडवाले, हंपबॅक जातीचे, पाठीवर उंचवटा असतो, राखाडी रंग, किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी राहतात कारण तिथे मासे मिळतात. पाठ वर येते, श्वासाचा फुस्स आवाज येतो, परत खाली. सकाळी सात ते दहा ही वेळ. तेव्हा वारा जमिनीकडून असतो, समुद्र ताटासारखा सपाट असतो, लांबची पाठही उठून दिसते. अकरानंतर समुद्राकडून वारा सुटला की पांढरे तुरे उठतात, मग प्रत्येक लाट डॉल्फिन वाटते.

बोट करायलाच हवी असं नाही. अंजनवेलला गोपाळगडाच्या पुढे, टाळकेश्वराच्या देवळाजवळ, दीपगृहाच्या कड्यावरून दाभोळ खाडीचं तोंड पूर्ण दिसतं. दुर्बीण घेऊन तासभर बसा, फुकट. बोट केलीत तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय टाकू नका आणि बोटवाल्याला सुरुवातीलाच सांगा, दादा, पाठलाग नको, लांबच इंजिन हळू करा. डॉल्फिन दिसल्यावर चार बोटी चारी बाजूंनी सुसाट सुटतात तो प्रकार बघवत नाही, आणि मग ते बुडी मारून जे जातात ते दिसतच नाहीत. थांबलेल्या बोटीजवळ ते स्वतःहून येतात, हे मच्छीमारांना विचारा.

मगरींसाठी वाशिष्ठीत आत जायला लागतं, चिपळूणकडे मालदोली, सोनगाव या बाजूला गावातले लोक बोटीने फिरवतात. मगर थंड रक्ताची, हिवाळ्यात तिला ऊन लागतं आणि ऊन खायला चिखलाची कड लागते, आणि कड उघडी पडते ओहोटीला. म्हणजे सकाळी नऊ ते बाराच्या मधे ओहोटी येईल असा दिवस. चतुर्थी ते सप्तमी धरा. भरतीला गेलात तर नुसती बोटीची सफर होईल, ती पण वाईट नाही, दोन्ही बाजूंना कांदळवन आहे, त्यातली सफेद चिप्पी २०२० पासून राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर आहे. चिखलात बघत राहा, एक पंजा मोठा असलेले फिडलर खेकडे तो पंजा हलवत एकमेकांना बोलावत असतात. पाणमांजरं दिसली तर तुमचं भाग्य, ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, चार-पाच जणांच्या टोळीने. खाडीच्या आतल्या बाजूला पोहायचं मात्र नाही, स्थानिक पोरं उतरली तरी नाही.

पक्ष्यांसाठी ८×४२ ची दुर्बीण पुरते, त्यापेक्षा मोठी घेऊन हात थरथरतात. वेलदूरच्या जेट्टीवर सकाळी मासळी उतरताना कुरवांचा गोंधळ असतो, तपकिरी डोक्याचे, हिवाळ्यात डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे नुसता ठिपका राहतो त्यामुळे नवीन माणूस फसतो. ब्राह्मणी घारी तर कावळ्यांइतक्या सर्रास दिसतात. समुद्री गरुड ओळखायला सोपा, मोठा, पोट पांढरं, उडताना पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरतो, सुरूच्या किंवा आंब्याच्या उंच झाडावर घरटं असतं. कोणी घरटं दाखवलं तर त्याच्या खाली जाऊन उभं राहू नका आणि जागा इन्स्टावर टाकू नका. पुळणीवर पाण्याच्या कडेने पळणारे छोटे चिखले दिसतील, दुरून आलेले असतात, त्यांच्यामागे पोरांना पळवू नका, चरायला त्यांना ओहोटीचेच काही तास मिळतात.

धनेश (मोठ्या चोचीचा पक्षी) बघायचा तर फळलेलं वड-उंबर शोधा, बहुतेक देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात. गावकऱ्यांना विचारताना ककणेर म्हणा, पटकन कळतं. फेब्रुवारीपासून मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो, त्यामुळे एकटा नर एकाच दिशेने सारखा ये-जा करताना दिसला तर समजायचं ढोली जवळ आहे, आणि तिथूनच मागे फिरायचं.

हिवाळ्यात अंधाऱ्या रात्री कधी कधी लाटा निळ्या चमकतात, पाण्यातले सूक्ष्म जीव असतात ते. अमावस्येच्या आसपास, गावाच्या दिव्यांपासून लांब, डोळे दहा मिनिटं अंधाराला सरावू द्या. दिसेल याची हमी कोणी देत नाही.

पोहणं आणि बाकीची काळजी

गुहागरची पुळण दिसते शांत पण पाणी झटकन खोल होतं. कमरेच्या वर जाऊ नका, भरती चढत असतानाच उतरा, ओहोटीला नाही, आणि खाडीच्या तोंडाशी तर कधीच नाही, तिथे ओहोटीला सगळी खाडी समुद्राकडे धावत असते. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, आडवे पोहा, ओढ संपली की मग वळा. पाणी उथळ असेल तिथे पाय घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असलं तर ते आधीच सरकतं, वरून पाय पडला तर काटा मारतं. किनाऱ्यावर पडलेला साप मेलाय समजून काठीने उलटू नका, समुद्रसाप भयंकर विषारी असतात. पावसाळ्याच्या सुमारास निळे फुगे वाहून येतात, शेपट्यांसकट, ते जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव असतात, ते पोरांच्या हाताला लागू देऊ नका. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टर गाठा. मोठं हॉस्पिटल म्हणजे डेरवण किंवा चिपळूण, रस्ता वळणांचा आहे, म्हणून १०८ ला लगेच फोन करा, वाट बघत बसू नका. वाऱ्या-लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था देते, निरभ्र आकाशात पण लांबून उसळी येऊ शकते, तेव्हा सकाळी एकदा बघून निघा.

जेवणाचं सांगायचं राहिलं. घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवायचं, किती माणसं, मासे की शाकाहारी. दुपारी अडीचला अचानक सहा जण उभे राहिलात तर वहिनी काही बोलणार नाहीत पण पिठलं-भातच मिळेल, तो पण छान असतो म्हणा. उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी सांगा. सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर असायचं तर चहा मिळणार नाही, थर्मास भरून घ्या. टोपी, दोन बाटल्या पाणी, सुका खाऊ, जुना टॉवेल, आणि कचऱ्यासाठी एक पिशवी, जी तुमच्यासोबत परत जाईल.

शेवटच्या दिवशी आल्या रस्त्याने परत जाऊ नका. तवसाळहून सकाळची पहिली फेरी घेऊन जयगडला उतरा आणि तिथून रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी गावाला जा, दीडेक तास धरा, जांभ्याच्या सड्यावर कोरलेला हत्ती आहे, कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. ऊन तिरपं असतानाच रेषा दिसतात, दुपारी बाराला नुसता तापलेला सडा दिसेल. म्हणून पहिलीच फेरी म्हणतोय, आणि कोरीव कामावर पाणी ओतून फोटो काढायचे नाहीत, चपला पण बाहेर.